चाकरमान्याची पहिली रात्र

आपल्या ज्ञातीच्या इतिहासात देवस्थानांची व थोर पुरुषांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु परगावी चाकरीस निघालेल्या तरुणास पहिल्या रात्री कोणी आसरा दिला, याची नोंद सहसा कोणी करीत नाही. ती उणीव अल्पांशाने तरी भरून काढावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकण व घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. गिरणीने काम दिले, परंतु निवारा क्वचितच दिला. 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व परळच्या बाजूस बी.डी.डी. चाळी उभारल्या, त्यांतील खोली अवघी 160 चौरस फुटांची. नवागत मनुष्य प्रायः 'बदली' कामगार असे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे, मुकादमाने बोलाविले तर मजुरी, नाहीतर रिकाम्या हाताने परत! अशा माणसास भाड्याची खोली कोण देणार?

हा प्रश्न गावकीने सोडविला. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावयाची व दरमहा वर्गणीतून तिचे भाडे भरावयाचे. प्रत्येकास एक ट्रंक, एक वळकटी व दोरीवर कपड्यांपुरती जागा. रातपाळीचे दिवसा निजत, दिवसपाळीचे रात्री. उरलेले गॅलरीत वा पदपथावर. जेवण खाणावळीत, आणि हिशेब पगाराच्या दिवशी. या खाणावळी चालविणाऱ्या भगिनी सावकारी कर्जात बुडाल्या होत्या. त्यांच्यासाठी 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गोमंतकीयांनीही मुंबईत गावोगावचे 'कूड' याच तत्त्वावर चालविले. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी तेथे उतरत.

आमचे तीर्थरूप 1950 च्या सुमारास मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले. ओहोटीमुळे लाँच उशिरा सुटली होती. लालबागेस पोहोचेपर्यंत अंधार पडला. खोलीत चौदा जण होते. कोणीही 'जागा नाही' असे म्हटले नाही; एकाने आपली वळकटी सरकविली, एवढेच! पहिला पूर्ण पगार हाती येईतो त्यांच्याकडून वर्गणी घेतली नाही. ही गोष्ट ते अखेरपर्यंत सांगत.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि उरण-पनवेलच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. 1989 साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. बंदराच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत उभी राहिली. परंतु कंत्राटी कामावर आलेल्या परप्रांतीय पोरांना आपल्याच गावांत खोल्या शोधाव्या लागल्या. ज्या उरणने शतकभर माणसे पाठविली, तेच उरण आता माणसे घेऊ लागले.

त्या वेळी आम्ही कसे वागलो? सांगावयास संकोच वाटतो. जमिनी गेल्याचे दुःख खरे होते, रागही खरा होता. पण तो ज्यांनी जमीन घेतली त्यांच्यावर न निघता, ट्रंक घेऊन दारी आलेल्या मुलावर निघाला. आमच्या घरामागील खोलीसाठी आम्हीही अशाच एका मुलाकडे तीन महिन्यांची अनामत आगाऊ मागितली. तो मुकाट्याने परत गेला. तीर्थरूप ओटीवर बसले होते. ते इतकेच म्हणाले, "त्या रात्री माझ्याकडे कोणी अनामत मागितली असती, तर तू मास्तर झाला नसतास." आम्ही त्या मुलास शोधावयास गेलो, परंतु तो सापडला नाही.

12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला व त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही धावू लागली. मुंबई जवळ आली. तथापि आपली मुले-मुली आता पुणे, बंगळूर, आखाती देश येथे पहिल्या नोकरीस जातात. तेथेही घरमालक आगाऊ रक्कम मागतो आणि पगार महिनाअखेरीस मिळतो. संघाने पहिल्या पगारापर्यंत बिनव्याजी साह्य देणारा एक लहानसा निधी उभारावा आणि परगावी स्थिरावलेल्या बांधवांची नामावली ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. निधीस आमची पहिली वर्गणी त्या परत गेलेल्या मुलाच्या नावे जमा करावी. त्याचे नाव आम्ही विचारले नव्हते. म्हणून पावतीवर 'एक नवागत' असे लिहावे.