ग्रिडची बॅटरी म्हणजे काय? डहाणूच्या थर्मलवरून समजून घेऊ

सोलर वीज एवढी स्वस्त झाली, मग अजून कोळसा का जाळतात? मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी मित्र हा प्रश्न मलाच विचारतात. छोटं उत्तर असं: सूर्य मावळतो, पण आपले पंखे, एसी आणि चार्जर चालूच राहतात. दुपारची वीज रात्रीसाठी राखून ठेवायला मोठ्या बॅटऱ्या लागतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात, म्हणजे बॅटरी एनर्जी स्टोरेज सिस्टिम.

डहाणूचंच उदाहरण का?

धाकटी डहाणू हे खाडीकाठचं मच्छीमारांचं गाव. जवळच ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. बीएसईएसने १९९० च्या दशकात ते सुरू केलं, पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेलं. इथली वीज जाते मुंबईच्या उपनगरांना.

डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. तरीही धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा सुरू व्हायला २००७ उजाडलं. म्हणजे दिवे एकीकडे लागतात आणि कोळसा दुसरीकडे जळतो. बॅटरीचा विषय इथल्या लोकांसाठी म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुपारी कोळसा बंद का करत नाहीत?

कोळशाचा बॉयलर फोनसारखा लगेच ऑन-ऑफ होत नाही. थंड झालेला संच पुन्हा चालू करायला कित्येक तास जातात. भारतात असे संच साधारण ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतात. ५०० मेगावॉटचा हिशोब केला तर २७५ मेगावॉट. म्हणजे संध्याकाळी वीज हवी असेल, तर भर दुपारी ऊन असतानाही थोडा कोळसा जाळत राहावं लागतं. बॅटरीला असं तापत राहावं लागत नाही, ती सेकंदाच्याही आत वीज द्यायला लागते. संध्याकाळचा भार तिने उचलला, तर कोळशाची दुपारही वाचते. माझ्या मते बॅटरीचा खरा फायदा हा आहे.

मेगावॉट आणि मेगावॉट-तास

बातम्यांत इथेच घोळ होतो. फोनचा चार्जर ३३ वॉटचा असतो, हा झाला वेग. बॅटरी ५००० एमएएचची असते, हा झाला साठा. ग्रिडमध्ये वेग मेगावॉटमध्ये आणि साठा मेगावॉट-तासात मोजतात.

आता हिशोब करू. डहाणूएवढी, म्हणजे ५०० मेगावॉट वीज संध्याकाळी चार तास द्यायची, तर ५०० × ४ = २००० मेगावॉट-तास साठा हवा. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास मावतात. म्हणजे सुमारे साडेदहा कोटी फोन! प्रत्यक्षात हे काम कंटेनर करतात. हल्ली २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ५ मेगावॉट-तास बसतात, म्हणजे साधारण ४०० कंटेनर. पूर्ण २४ तासांसाठी मात्र याच्या सहापट साठा लागेल. शिवाय भरताना आणि काढताना मिळून साधारण १५ टक्के वीज वाया जाते. म्हणून बॅटरी वीज केंद्राची जागा एकटी घेत नाही. ती वीज तयार करत नाही, फक्त तिची वेळ बदलते. सोबत भरपूर सोलर आणि पवनऊर्जा हवीच.

आत काय असतं?

तुमच्या फोनसारखंच, लिथियम-आयन. पण ग्रिडसाठी हल्ली बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. ती वजनाने जड, पण जास्त वर्षं टिकते आणि तापमानाला जास्त स्थिर असते. धोका शून्य नाही: कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला जानेवारी २०२५ मध्ये मोठी आग लागली. तिथे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटऱ्या होत्या, आणि त्याही एका इमारतीत दाटीवाटीने ठेवलेल्या. म्हणून कंटेनरमध्ये अंतर ठेवणं महत्त्वाचं.

बाकी काम सॉफ्टवेअरचं. प्रत्येक सेलचं तापमान आणि व्होल्टेज बघायचं, आणि कधी भरायचं, कधी सोडायचं ते ठरवायचं. भारतात विजेचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत बनतं, त्यामुळे हा निर्णय दिवसात ९६ वेळा येतो.

महाराष्ट्रात काय चाललंय?

साठवण आपल्याकडे नवी नाही. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. मुंबईत टाटा पॉवरला २०२५ मध्ये १०० मेगावॉट बॅटरीसाठी नियामक आयोगाची मंजुरी मिळाली. १२ ऑक्टोबर २०२० ला बाहेरून येणाऱ्या लाइन ट्रिप होऊन मुंबई अंधारात गेली होती. शहरातच बॅटरी असेल तर अशा वेळी हॉस्पिटल आणि लोकलसारख्या सेवा लवकर सावरता येतात.

आणि साठवण म्हणजे फक्त लिथियम असंही नाही. बोटीत भरायचा बर्फ दुपारच्या सोलर विजेवर बनवला, तर तीही साठवणच. तेवढी वीज रात्री लागत नाही.

बातमी वाचताना

‘इतक्या मेगावॉटची बॅटरी’ असं दिसलं की तीन गोष्टी शोधा: किती तास चालणार? भरायला वीज कुठली? आणि तिच्यामुळे कोळशाचा कुठला संच कमी चालणार? बॅटरी कोळशाच्याच विजेवर भरली, तर डहाणूचा धूर कमी होणार नाही.