चुकून आरशात दिसलेला माणूस

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चौघांनी मिळून एक एक्सेल शीट बनवली होती. कॉलेज संपून वर्षच झालेलं, नोकऱ्या नव्या, आणि चौघं चार ठिकाणी अडकलेले. मी सांगलीला घरी, एक जण पुण्यात, एक मैत्रीण नाशिकला आणि एक बिचारा बंगळूरच्या पीजीत मॅगीवर. रोज रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर ‘३, २, १, प्ले’ असं टाइप करायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी ‘ट्विन पीक्स’चा एक भाग बघायचा, असा नेम ठरला होता. शीटचे रकाने मी पाडले होते: भाग, मिनिट, सेकंद, वस्तू, संशयित, ‘पुरावा की कयास’. दुसऱ्या आठवड्याअखेर दोनशेच्या वर ओळी झाल्या. असला उद्योग आपल्याआधी कुणी केला नसेल, असं मला मनापासून वाटत होतं.

नंतर कळलं की आम्हाला तीस वर्षं उशीर झाला होता.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढे सगळे स्पॉइलर आहेत. पस्तीस वर्षांनंतर तक्रार चालणार नाही.) ८ एप्रिल १९९० ला अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर पहिला भाग लागला. निर्माते दोन, डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट. वॉशिंग्टन राज्यातलं, देवदारासारख्या उंच झाडांनी वेढलेलं एक कल्पित गाव. एके सकाळी पाण्याच्या काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक प्रेत सापडतं. सतरा वर्षांची लॉरा पामर, शाळेतली सगळ्यांची लाडकी मुलगी. एफबीआयचा डेल कूपर नावाचा एजंट तपासाला येतो. तो कॉफीवर आणि चेरी पायवर जीव टाकतो, टेपरेकॉर्डरमध्ये ‘डायान’ नावाच्या बाईशी बोलतो आणि स्वप्नांवर विश्वास ठेवतो. पहिला भाग तीन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. ‘लॉराला कुणी मारलं?’ हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेत ऑफिसांतल्या पाण्याच्या कुलरपाशी चघळला जात होता.

आणि आणखी एका ठिकाणी. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं, पण युजनेट होतं. विद्यापीठांतले आणि काही कंपन्यांतले कॉम्प्युटर एकमेकांना नुसता मजकूर पाठवायचे. ना चित्र, ना लाइक. ज्याला जो विषय हवा त्याचा गट. मालिका सुरू झाल्यावर लवकरच तिथे ‘अल्ट डॉट टीव्ही डॉट ट्विनपीक्स’ नावाचा गट उघडला. एमआयटीत शिकवणाऱ्या हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने त्या गटावर १९९५ मध्ये एक निबंध लिहिला, म्हणून आज त्याबद्दल इतकं माहीत आहे. गटातली बहुतेक मंडळी आमच्याच जातकुळीतली, म्हणजे इंजिनिअर, संगणकवाले, संशोधक विद्यार्थी, बहुतांशी पुरुष. त्यांनी घटनांचे कालक्रम लावले, महत्त्वाच्या संवादांच्या याद्या केल्या. भाग व्हीसीआरवर रेकॉर्ड करायचा, टेप थांबवायची, एकेक फ्रेम पुढे सरकवायची, आणि मग रात्रभर टाइप करत बसायचं.

ही सवय त्यांना मालिकेनेच लावली होती. पहिल्याच भागात कूपर लॉराच्या सहलीचा एक व्हिडिओ बघतो. लॉरा मैत्रिणीबरोबर डोंगरावर नाचतेय, हसतेय. तो चित्र थांबवतो, मोठं करतो, आणि लॉराच्या डोळ्यात मोटरसायकलचं प्रतिबिंब दिसतं. म्हणजे शूटिंग करणारा मोटरसायकलवाला होता. प्रेक्षकाने यातून काय शिकायचं? थांबव, मोठं कर, उत्तर फ्रेममध्येच आहे. लेखक-दिग्दर्शकाने प्रत्येक वस्तू मुद्दाम ठेवली आहे, अशी त्या गटाची जवळजवळ श्रद्धा होती. जेन्किन्सच्या निबंधात हा मुद्दा छान आला आहे. त्यांच्या लेखी लिंच हा एक चकवा देणारा जादूगार होता आणि आपलं काम त्याला पकडायचं.

ही श्रद्धा व्हीसीआरपेक्षा बरीच जुनी आहे. शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन पहिल्या कादंबरीत (१८८७) सांगतो की मैवंदच्या लढाईत आपल्याला खांद्यात गोळी लागली. दुसऱ्या कादंबरीत (१८९०) तीच जखम पायात गेलेली असते. (हाच वॉटसन युद्धावर जाताना आधी मुंबईच्या बंदरात उतरला होता. आपल्याकडे एखाद्या चहावाल्याने याचं भांडवल अजून कसं केलं नाही कोण जाणे.) त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. साधं उत्तर असं की आर्थर कॉनन डॉइल भराभर लिहायचा आणि मागचं काढून बघायचा नाही. पण १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स याने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा करतात तशी होम्सच्या कथांची चिकित्सा, तोंडावरची रेष न हलवता. तिथून एक खेळ सुरू झाला. नियम एकच: लेखक चुकला असं म्हणायचं नाही, विसंगतीचं कारण कथेच्या आतच शोधायचं. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सने तर वॉटसनच्या मधल्या ‘एच’चा अर्थ ‘हेमिश’ लावला. हेमिश हे जेम्सचं स्कॉटिश रूप, म्हणून बायको लाडाने जेम्स म्हणत असणार! डॉइलने नॉक्सला पत्र लिहून आश्चर्य कळवलं होतं, की या कथांवर कुणी इतकी मेहनत का घ्यावी.

मला यातला डॉइल फार जवळचा वाटतो. प्रॉडक्शनमध्ये गेलेल्या आपल्या कोडमधला एखादा बग कुणीतरी ‘किती विचारपूर्वक केलंय’ म्हणून वाखाणतो, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा हे मलाही कळत नाही.

पण ‘ट्विन पीक्स’ची गंमत याच्याही पुढची आहे.

पहिल्या भागात शवागाराचा प्रसंग आहे. डोक्यावरची ट्यूबलाइट सतत फडफडतेय. ती खरोखरच बिघडलेली होती. लिंचला आवडली म्हणून तशीच ठेवली. त्याच प्रसंगात कूपर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगतो, जरा आम्हाला एकटं सोडा. कर्मचारी उत्तर देतो, ‘जिम’. अभिनेत्याला वाटलं आपलं नाव विचारलं. कूपर क्षणभर थांबतो, पुन्हा सांगतो, तो जातो. शॉट ठेवला गेला. आमच्या शीटमध्ये ‘जिम’ची ओळ होती आणि संशयिताच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

सगळ्यात मोठी गोष्ट फ्रँक सिल्वाची. सिल्वा हा सेटवर सजावटीचं काम करणारा माणूस. लॉराच्या खोलीत सामान हलवत असताना त्याला कुणीतरी म्हणालं, बघ हं, दारात कपाट लावून स्वतःच कोंडून घेशील. ते ऐकून लिंचच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्याने सिल्वाला पलंगाच्या पायथ्याशी, गजांआड, दबा धरून बसायला लावलं आणि तसा एक शॉट घेऊन ठेवला. कशासाठी, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. पुढे लॉराची आई सोफ्यावरून किंचाळत उठते तो शॉट झाला. लिंच खूश. पण कॅमेरावाला म्हणाला, पुन्हा घ्यावा लागेल, आरशात कुणाचं तरी प्रतिबिंब आलंय. कुणाचं? फ्रँकचं.

शॉट पुन्हा घेतला नाही. तिथे बॉब जन्मला, लांब करड्या केसांचा, डेनिमचं जाकीट घातलेला दुष्टात्मा, ज्याच्याभोवती पुढे सगळी मालिका फिरली. म्हणजे लॉराच्या डोळ्यातली मोटरसायकल मुद्दाम ठेवलेली आणि आईच्या मागच्या आरशातला चेहरा चुकून आलेला. टेप थांबवून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. आणि त्यातल्या मोटरसायकलने कूपरला खुन्यापर्यंत नेलं नाही. रहस्याच्या मुळाशी होता तो चुकून आलेला माणूस.

हे वाचलं त्या रात्री मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. बग हेच फीचर ठरलं, वगैरे. दोघांनी डोळे फाटलेल्या इमोजी टाकल्या. नाशिकच्या मैत्रिणीने काहीच लिहिलं नाही.

आम्ही तेव्हा दुसऱ्या पर्वात होतो. लिंच आणि फ्रॉस्टला खुनी इतक्यात सांगायचाच नव्हता. लिंचचं म्हणणं असायचं की ते रहस्य ही सोन्याची अंडी देणारी कोंबडी होती. पण वाहिनीने दबाव आणला आणि १० नोव्हेंबर १९९० च्या भागात उत्तर आलं. गुपित फुटू नये म्हणून तो प्रसंग वेगवेगळ्या नटांना खुनी धरूनही चित्रित केला होता. उत्तर असं: लॉराचा बाप, लीलंड पामर. त्याच्या अंगात बॉब. आरशासमोर उभा राहिला की त्याला बॉबचा चेहरा दिसतो. आणि त्या भागात तो लॉराच्या नात्यातल्या बहिणीला, मॅडीला मारतो. तो प्रसंग लांब आहे, संपता संपत नाही. मॅडीचं काम केलंय शेरिल ली हिने, जिने लॉराचंही केलं. तिला आधी फक्त प्रेताच्या कामासाठी घेतलं होतं, सिअॅटलमधली नवखी नटी म्हणून. सहलीच्या व्हिडिओतला तिचा नाच पाहून लिंचला वाटलं हिला जाऊ देता कामा नये, आणि तिच्यासाठी मॅडी लिहिली गेली.

भाग संपल्यावर मी लगेच शीट उघडली. लीलंडचे केस एका रात्रीत पांढरे झाले ती ओळ होती. लॉराचा फोटो छातीशी धरून तो गोल गोल नाचतो, ती होती. समोर मी ‘विनोदी?’ असं लिहिलं होतं. जाक रनोला तो उशीने गुदमरवतो, ती होती. मी ग्रुपवर लिहिलं, ‘सगळे पुरावे आपल्याकडे होते यार.’

मैत्रिणीने लिहिलं, ‘लॉराची किती ओळी आहेत?’

मी फिल्टर लावला. ‘वस्तू’च्या रकान्यात लॉरा एकोणीस वेळा होती. लॉराचं नख, लॉराची डायरी, लॉराचं लॉकेट, लॉराची कॅसेट. मी आकडा पाठवला. ती म्हणाली, मी आता पुढचे भाग बघणार नाही. का ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिच्या घरात काय होतं, काय नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. आमची मैत्री आहे, गेल्या वर्षी तिच्या लग्नाला आम्ही तिघंही गेलो होतो. पण तो प्रश्न ग्रुपमध्ये वर कुठेतरी तसाच आहे.

जेन्किन्सचा निबंध मी त्यानंतर वाचला, आणि त्यात मला आमचाच ग्रुप दिसला. तो म्हणतो की बायकांच्या चाहतेगटांत पात्रांची नाती, त्यांची दुःखं यावर बोलणं जास्त होतं. या गटाला मात्र कोडं सोडवायचं होतं. आणि १९९० चा सप्टेंबर आठवून बघा. खुनी उघड व्हायच्या दोन महिने आधी ‘लॉरा पामरची गुप्त डायरी’ हे पुस्तक बाजारात आलं, लिंचची मुलगी जेनिफर लिंच हिने लिहिलेलं. बाराव्या वाढदिवसापासूनच्या नोंदी. एक मुलगी लिहितेय की रात्री कुणीतरी येतो, आणि ते कुणाला सांगता येत नाही. पुस्तक धडाधड खपलं. लोकांनी ते उघडलं ते मुख्यतः खुन्याचा माग काढायला.

खुनी कळल्यावर प्रेक्षक ओसरले आणि जून १९९१ मध्ये मालिका बंद पडली. लिंचने १९९२ मध्ये ‘फायर वॉक विथ मी’ हा सिनेमा काढला, त्यात लॉराचे शेवटचे सात दिवस आहेत. यात कोडं नाही, पाय आणि कॉफीची गंमत जवळपास नाही, कूपर थोडाच वेळ दिसतो. आहे ती फक्त ती मुलगी, जिवंत, जेवणाच्या टेबलावर बापासमोर बसलेली. समीक्षकांनी सिनेमा झोडपला, तिकीटबारीवर तो पडला. त्याला मोठा सिनेमा म्हणायला लोकांना बरीच वर्षं लागली. मला तो दोन बैठकांत बघावा लागला.

जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेला, तेव्हा मी पहिला भाग पुन्हा लावला. या वेळी शीट नाही. शाळेचा वर्ग आहे. हजेरी चाललीय. पोलीस दाराशी येऊन शिक्षिकेच्या कानात काही सांगतो. लॉराची मैत्रीण डॉना रिकाम्या बाकाकडे बघते. तेवढ्यात खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत पटांगणातून पळत जाते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. तिचं नाव कळत नाही, पुढच्या कुठल्याही भागात ती कोण हे सांगितलेलं नाही, आणि तपासाशी तिचा काही संबंध नाही. डॉना तिला बघते आणि रडायला लागते, कारण तिला कळलेलं असतं.

मी लॅपटॉप उघडून जुनी शीट शोधली. भाग पहिला, वर्गाचा प्रसंग. पोलिसाची ओळ आहे, रिकाम्या बाकाची आहे. पळणाऱ्या मुलीची नाही.