ललाटलेख आणि पेशीलेख

सटीच्या रात्रीं सटवाई बाळाच्या कपाळीं जें लिहिते तें पुसतां येत नाहीं, ही समजूत आमच्या इंदापुराकडे अजून ऐकूं येते. घरांत कोणास कर्करोग झाला कीं, ‘लिहिलेलें चुकत नाहीं’ असें म्हणून कित्येक जण डॉक्टरकडे जाण्यासही विलंब लावतात. या समजुतीविषयीं शास्त्राचा इतिहास काय सांगतो, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबईस टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोग व लोकांच्या संवयी यांचा संबंध तपासला. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या, पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं स्तनांच्या कर्करोगांत वंश, अंतःस्राव व विषाणू यांची सांगड दाखविली. केवळ वंश सर्व ठरवीत नाहीं, हें येथेंच दिसूं लागलें.

मग बीज तेंच असतां पेशीचें वर्तन कां बदलतें? या विचारास वॉडिंग्टननें १९४२ सालीं ‘एपिजेनेटिक्स’ हें नांव दिलें. डीएनएचा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांभोंवतीं गुंडाळलेला असतो. कांहीं विकर या प्रथिनांवर रासायनिक खुणा करतात, कांहीं त्या पुसतात. असे विकर १९९६ सालीं ओळखले गेले. अक्षर तेंच राहतें. पान उघडें कीं मिटलेलें, हें खुणा ठरवितात.

२०१९ सालीं मनोहर पर्रीकर ज्या रोगानें निवर्तले, त्या स्वादुपिंडाच्या कर्करोगांत या ज्ञानाची कसोटी लागते. त्यांत बहुतेक रुग्णांचें केरास जनुक बिघडलेलें असतें. परंतु २०१७ सालच्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, दूर पसरलेल्या गांठींत नवे जनुकबिघाड कारण नसून खुणांची मोठी उलथापालथ झालेली होती. खुणा पुसणारे विकर रोखणारीं औषधें रक्ताच्या कांहीं कर्करोगांत उपयोगी पडलीं. स्वादुपिंडांत तीं एकटीं पुरीं पडलेलीं नाहींत. अमेरिकेंतही पांच वर्षें जगणारे शंभरांत सुमारें तेराच.

लेख बदलतां येतो, हें आतां ठाऊक आहे. तो नेमका कोठें बदलावा, हें अजून शिकावयाचें आहे. तोंवर वेळ हेंच मोठें औषध, असें आम्हांस वाटतें. न दुखतां झालेली कावीळ, विनाकारण घटणारें वजन किंवा उतारवयांत अकस्मात् जडलेला मधुमेह दिसतांच तपासणी करावी. रोग घराण्यांत असेल, तर तें स्वस्थ बसण्याचें नव्हे, लवकर जाण्याचें कारण होय.