टायबरचा उतार, पंचगंगेचा काठ

रोमच्या उदयाची मीमांसा करताना भूगोलाला अग्रस्थान दिले जाते, आणि ते सकारण आहे. समुद्रापासून सुमारे २५ किलोमीटर आत, टायबर नदीला उतार सापडतो त्या बेटालगत हे नगर वसले. नदीमुखाजवळच्या मिठागरांतून अंतर्भागात जाणारी मिठाची वाट येथूनच जाई. टेकड्यांनी संरक्षण दिले, लॅटियमच्या मैदानाने धान्य दिले.

हाच निकष कोल्हापूरला लावून पाहण्याजोगा आहे. मंगळवार पेठेसारख्या पेठा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी येथील प्राचीन वस्ती पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर नांदत होती. नदी, उंचवटा, सुपीक खोरे ही तिन्ही अंगे येथेही आहेत. भेद आहे तो प्रवाहाच्या दिशेत. टायबर जवळच्या समुद्राला मिळते; पंचगंगेच्या उपनद्या मात्र सह्याद्रीत, पश्चिम समुद्राच्या इतक्या निकट उगम पावूनही त्याकडे पाठ फिरवतात. नरसोबावाडीला कृष्णेत मिसळून त्यांचे पाणी पूर्वेस जाते. समुद्राशी नाते जोडायचे तर घाटवाटांखेरीज उपाय नव्हता.

तरीही ते जोडले गेले. ब्रह्मपुरीवर रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू मिळाल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी मूर्ती होती. ती टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाने येथील सातवाहनकालीन नगरजीवन उजेडात आणले. मोसमी वाऱ्यांचे गणित साधलेल्या जहाजांचा तो काळ. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात नोंदवली आहे. समुद्रदेव घाट चढून आला, तो या व्यापारामुळे. नुसत्या नकाशावरून हे सांगता आले नसते.

रोमच्या बाबतीतही नकाशा अपुराच पडतो. टायबरच्या खोऱ्यातच, रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर, व्हेई हे समृद्ध एट्रस्कन नगर होते. परंपरेनुसार इ. स. पूर्व ३९६ मध्ये रोमने ते जिंकले. भूमी जवळपास तीच, फलित मात्र भिन्न. पराभूतांना नागरिकत्व वा मैत्रीच्या करारात सामावून घेऊन त्यांच्याकडून सैन्य उभे करण्याची रोमची रीत कोणत्याही नदीने शिकवलेली नव्हती.

वंश, परिस्थिती आणि काळ यांतून साहित्यकृती उलगडू पाहणारा तेन आपल्या परिचयाचा आहे. प्रादेशिक साहित्य शिकवताना आपणही अनेकदा मातीवरून लेखक सिद्ध करतो. माती शक्यता पुरवते. त्यांतील कोणती पत्करली गेली आणि का, हे शोधणे हेच इतिहासकाराचे, आणि समीक्षकाचेही, काम होय.