पिवळे कार्ड आणि असिबीचे रक्त

घानाला निघालेल्या प्रवाशाच्या हाती माहितीचे जे पान पडते, त्यावर पहिली सूचना बहुधा यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराच्या लशीची असते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. टोचल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य ठरते. पूर्वी ते १० वर्षे चाले, जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालते. हे पिवळे कार्ड नसेल तर घानात प्रवेश मिळत नाही, आणि परततानाही आपलेच सरकार प्रवाशास ६ दिवसांपर्यंत विलग ठेवू शकते. कारण हा रोग भारतात नाही. मात्र तो पसरवणारा एडिस डास येथे भरपूर आहे.

अशा सूचना वाचून मनात एक चित्र उभे राहते : रोग त्यांचा, औषध पश्चिमेचे. हे चित्र तपासून पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९२७ साली घाना हा ‘गोल्ड कोस्ट’ नावाचा ब्रिटिश मुलूख होता. रॉकफेलर फाउंडेशनचे संशोधक त्या भागात पीतज्वराचे कारण शोधत होते. त्या वर्षी असिबी नावाच्या एका आजारी तरुणाचे रक्त घेऊन ते ऱ्हीसस माकडाला टोचण्यात आले. ही जात मूळची आशियातली, आपल्या उत्तर भारतात सर्रास आढळणारी. माकड मेले, असिबी बरा झाला. प्रयोगशाळेत विषाणू हाती आला तो असा. याच ‘असिबी’ वाणापासून मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १७डी ही लस सिद्ध केली. १९३७ साली ती जाहीर झाली आणि थायलर यांना १९५१चे नोबेल मिळाले. आजही जगभर टोचली जाणारी लस याच वंशातली आहे. म्हणजे घानाला जाण्यासाठी आपण जी लस घेतो, तिचे मूळ घानातल्याच एका माणसाच्या रक्तात आहे.

या शोधाची किंमत संशोधकांनीही मोजली. एड्रियन स्टोक्स १९२७ साली लागोसला आणि हिदेयो नोगुची १९२८ साली अक्राला याच ज्वराने गेले. नोगुचींचा पीतज्वराच्या जंतूविषयीचा सिद्धान्त चुकीचा ठरला, तरी त्यांच्या नावाची संशोधनसंस्था घाना विद्यापीठात उभी आहे. असिबीचे नाव मात्र उरले ते विषाणूच्या एका वाणाला.

हा ज्वर अमेरिकेत पोहोचला तोही येथूनच, गुलामांच्या जहाजांतून. पाण्याच्या पिंपांत डासांची अंडी, तळघरात साखळदंडांतली माणसे. प्रवासाच्या पानावर ‘अवश्य पाहावे’ म्हणून एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले असतात, ते या व्यापाराचे साक्षी. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला, तो सोन्याच्या व्यापारासाठी. पुढे माणसेच माल झाली. किल्ला १६३७ साली डचांकडे आणि १८७२ साली इंग्रजांकडे गेला.

त्याच पानावर चलनाचीही ओळ असते : १ सेडी म्हणजे १०० पेसेवा. १९६५ साली सुरू झालेल्या या चलनाला नाव मिळाले ते कवडीसाठी असलेल्या अकान शब्दावरून. पश्चिम आफ्रिकेत चालणाऱ्या कवड्या बऱ्याच अंशी मालदीवच्या. हिंदी महासागरातून त्या युरोपीय जहाजांत नीरम म्हणून भरल्या जात, युरोपात विकल्या जात आणि तेथून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी येत. आपण ‘कवडीमोल’ हा शब्द सहज उच्चारतो. त्या किनाऱ्यावर माणसांचे मोल खरोखरच कवड्यांत मोजले गेले होते.

म्हणून प्रवाशाने लस वेळेवर घ्यावी, मलेरियावरील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात, मच्छरदाणीत निजावे. या सूचना योग्यच आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. मात्र त्या देशाविषयीच्या भीतीची यादी म्हणून त्या वाचू नयेत. पिवळ्या कार्डावर लशीचे नाव, तारीख आणि डॉक्टरांची सही असते. असिबीचे नाव तेथे नसते. ते आपण लक्षात ठेवायचे.