देवराई : बेळगाव सीमाभाग आणि भोवतालचा सह्याद्री

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाडबंदी असलेले गावाचे रान. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात, गोव्यात राय किंवा देवराण, तर कोडगूत देवरकाडू. कुठे ती देवळामागच्या चार-सहा गुंठ्यांत मावते, कुठे कित्येक एकरांवर पसरलेली असते. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर, म्हणजे खानापूर, चंदगड, दोडामार्ग आणि गोव्याचा सत्तरी या सलग पट्ट्यात, ही परंपरा अजून जिती आहे.

बेळगावच्या वेशीवरच्या कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द या गावांचा या डोंगराशी संबंध पाण्याचा. पश्चिमेच्या डोंगरात उगम पावलेली मार्कंडेय नदी राकसकोपला अडते, बेळगावची तहान भागवते, कंग्राळीच्या शिवाराजवळून पुढे जाते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. वरच्या रानात पाऊस मुरला, तरच खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाझर राहतो. म्हणून रायीचा विचार डोंगरातल्या गावांपुरता ठेवून चालत नाही.

रायीचे नियम थोडे आणि कडक असतात. चपला बाहेर. हिरवी फांदी तोडायची नाही. वाळून पडलेले लाकूड कित्येक ठिकाणी घरी नेता येत नाही. ते देवाच्या कामाला, गावजेवणाच्या चुलीला किंवा बेवारस मयताच्या सरणाला लागते. मंदिराच्या तुळईसाठी एखादे झाड हवेच असेल, तर देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर झाड उभे राहिले. पाटलालाही तो कौल मोडता येत नसे. या व्यवस्थेची खरी ताकद इथे आहे. रान कुणाच्याच मालकीचे नव्हते, त्यामुळे त्याची सावली, झरा आणि औषधी पाला साऱ्या गावाचा होता. हिरडा-बेहडा, सातवीण, शिवण, नरक्या ही झाडे आणि मांडीएवढ्या जाड खोडाची गारंबीची वेल बाहेरच्या रानातून गेली, तरी रायीत टिकली, ती या सामाईकपणामुळे.

हा सामाईकपणा निर्दोष मात्र नव्हता. मानपान ठरलेले होते, काही रायांमध्ये बायकांना प्रवेश नाही आणि पूजेचा मान जातीने वाटलेला आहे. रायीचे गुणगान करताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे.

इंग्रज अमदानीतले वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनी 1897 मध्येच भारतातल्या देवरायांवर लिहिले होते. महाराष्ट्रातला शिस्तशीर अभ्यास मात्र पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी उभा केला. पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावातून त्यांच्याकडे मदतीची हाक आली होती, कारण गावची राई तोडली जाणार होती. राई का राखायची, याचे तिथल्या जाणत्यांनी सांगितलेले कारण साधे होते : आसपासचे डोंगर उघडे झाले तेव्हा बाकीचे ओहोळ आटले, रायीतला तेवढा वाहत राहिला. ज्यांना आपण भाबडे भाविक समजतो, त्यांनी जलशास्त्राचे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून ठेवले होते.

राई पाणी धरून ठेवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण चंदगडच्या घाटाखाली, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथे आहे. तिथल्या भालांदेश्वराच्या रायीत रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. बाराही महिने ओली असलेली जमीन, बुंध्यापासून फुटलेली आधारमुळे आणि चिखलातून गुडघा वाकवल्यासारखी वर आलेली श्वसनमुळे, असे हे रान. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, म्हणून मूळ श्वास घ्यायला वर येते आणि पुन्हा चिखलात बुडते. असे दलदलीचे जंगल पश्चिम घाटात आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे. सत्तरीत बांबर येथे निरंकाराच्या रायीतही ते आहे. दोन्हीकडे ते देवाच्या नावाने वाचले. महाराष्ट्र सरकारने बांबर्ड्याच्या या 2.59 हेक्टरला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. हा दर्जा देणारा जैवविविधता कायदा 2002 चा, राखण त्याच्या कितीतरी आधीची.

बेळगाव परिसरातल्या गावांत देवाच्या नावाने आणखी एक बंधन पाळले जाते, ते म्हणजे वार पाळणूक. आषाढाच्या सुमारास ग्रामदेवतेसाठी ठरलेल्या वारी शेतकामे बंद ठेवतात. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेआधीची वार पाळणूक शहरातही माहीत आहे. ऐन हंगामात बैलाला, गड्याला आणि भांगलणीच्या बायकांना एकदम विसावा मिळतो, आणि तो एकट्याने मागावा लागत नाही. रायीने झाडाला जे दिले, तेच वार पाळणुकीने कष्टणाऱ्या जिवांना दिले असे म्हणता येईल.

देवाच्या नावाने रान राखणे जगात इतरत्रही दिसते. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चभोवती राखलेली हजारो छोटी जंगले उजाड माळावर हिरव्या ठिपक्यांसारखी उभी आहेत. गुरे आत शिरू नयेत म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी शेतातलेच दगड वेचून कित्येक चर्चवनांभोवती गडगे घातले. 1986 मध्ये इटलीतल्या असिसी येथे पाच धर्मांचे प्रतिनिधी निसर्गरक्षणासाठी प्रथमच एकत्र बसले, त्याचीही आठवण इथे ठेवायला हवी.

सध्या देवरायांना कुऱ्हाडीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे. रायीतला देव बहुधा उघड्यावरचा तांदळा, म्हणजे न घडवलेला पाषाण, असतो. कित्येक ठिकाणी देवाला छप्पर चालत नाही अशीच समजूत आहे. मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांच्या हाती पैसा आला की भक्तीपोटीच सिमेंटचा सभामंडप, फरशी आणि गाडी आतपर्यंत जाईल असा रस्ता होतो, आणि त्या जागेसाठी, कधी त्या खर्चासाठीही, झाडे जातात. देव मोठा होतो, राई लहान होते. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गातली तीन हजारांवर देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. त्यामुळे सिंधुदुर्गात बांधकामाचा निर्णय गावाइतकाच अशा समितीच्या टेबलावरही होतो. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने गावांशी बोलून रायी राखण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. माळरानावर नव्याने लावलेल्या झाडीलाही आता देवराई म्हणतात. नट सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराची ‘सह्याद्री देवराई’ ही त्यातली ठळक चळवळ. हे काम मोलाचे आहे, पण जुन्या रायीची जागा ते लगेच भरून काढू शकत नाही. या पट्ट्यातला धनेश पक्षी त्याचा पुरावा देतो. त्याची मादी उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला फळे भरवतो. त्याला लागते जाड खोडाचे, आतून पोकळ झालेले झाड, आणि शेजारी वर्षभर आलटून पालटून पिकणारी वड, उंबर, जांभूळ यांची फळे. अशी ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्यांइतका काळ जातो.