हॉलंडच्या कालव्यांकांठची वाट



नेदरलँड्स या देशाला आपण रूढीनें हॉलंड म्हणतों. त्याचें नांव काढलें कीं पवनचक्क्या, फुलांचीं शेतें आणि कालव्याच्या कांठानें सावकाश चाललेला सायकलस्वार, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. हे लोक महाराष्ट्राला अगदींच अपरिचित नाहींत. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटलें आहे, तेच हे लोक. त्यांच्या देशांत आज माणसांपेक्षां सायकलींची संख्या अधिक आहे. याचें कारण विचारलें तर बहुतेक जण एकच उत्तर देतात, कीं तेथील जमीन सपाट आहे. उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. सपाट मुलूख जगांत पुष्कळ आहेत; परंतु पाण्याच्या कडेकडेनें, मोटारींची धास्ती न बाळगतां, दिवसच्या दिवस सायकलीनें हिंडतां येईल असे मुलूख फार थोडे. सपाट जमीन आपोआप मिळाली तरी वाट माणसांना बांधावी लागते, आणि बांधलेली वाट पिढ्यान्‌पिढ्या राखावी लागते. हॉलंडांतील ही वाट कोणीं बांधली, ती कोणाच्या हातीं गेली आणि कशी टिकली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम जमिनीकडे पाहूं. या देशाचा सुमारें चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खालीं आहे, आणि त्याचा बराच भाग माणसांनीं तळीं व दलदली उपसून मिळविलेला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेस बेमस्टर नांवाचें मोठें तळें होतें. तें पवनचक्क्यांच्या साह्यानें उपसून १६१२ सालीं कोरडें करण्यांत आलें. शहराच्या नैर्ऋत्येस हार्लेमरमेर हें त्याहून कितीतरी विस्तीर्ण सरोवर होतें. तें उपसण्याचें काम तीन प्रचंड वाफेच्या पंपांनीं केलें आणि १८५२ सालीं तेथें सुमारें १८,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. अशा कामाची रीत मोठी मनोरंजक आहे. आधीं तळ्याभोंवतीं बांध घालावयाचा, बांधाच्या बाहेरून कालवा खणावयाचा, आणि मग आंतील पाणी उचलून त्या कालव्यांत टाकावयाचें. हार्लेमरमेरभोंवतींचा हा वर्तुळाकार कालवा सुमारें ६० किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या बांधावरून जाणाऱ्या प्रवाशाला एक चमत्कारिक देखावा दिसतो. एका बाजूस पाणी व त्यावरील नावा, आणि दुसऱ्या बाजूस, त्या पाण्याहून कित्येक हात खालीं, शेतें व घरांचीं छपरें! आपल्याकडे पाणी खालीं आणि शेत वर. तेथें सगळाच प्रकार उलटा.

कालवा म्हटला कीं आपल्याला शेताला पाणी देणारा पाट आठवतो. हॉलंडांतील कालव्यांचें काम निराळें आहे. जादा पाणी बाहेर काढणें हें एक काम, आणि माल व माणसें वाहून नेणें हें दुसरें. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६३२ सालीं, अ‍ॅमस्टरडॅम व हार्लेम या दोन शहरांमधील सरळ कालवा वाहतुकीस खुला झाला, आणि त्याच्या कांठानें खास घोड्यासाठीं एक वाट बांधलेली होती. घोडा वाटेवरून चाले. त्याला बांधलेल्या लांब दोरानें पाण्यावरील प्रवासी नाव ओढली जाई. घोड्यावर एक पोरगा बसलेला असे आणि नावेचें सुकाणूं नावाड्याच्या हातीं असे. डच भाषेंत या नावेच्या नांवाचा अर्थच ‘ओढावयाची होडी’ असा आहे. आपण तिला ओढनाव म्हणूं. कालवा जेथें वळण घेई तेथें कांठावर फिरते उभे खांब रोंवलेले असत, म्हणजे ताणलेला दोर त्यांवरून सरके आणि कांठाला घासून तुटत नसे. असे कांहीं खांब अजूनहि पाहावयास मिळतात.

या ओढनावेचा वेग ताशीं सुमारें सात किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षां थोडासाच अधिक. मग तिचें एवढें महत्त्व कां? कारण तिच्या आधीं लोक शिडाच्या होड्यांनीं जात, आणि शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीवर चाले. वारा पडला कीं प्रवास खोळंबला. ओढनाव मात्र ठरलेल्या वेळेला सुटे, मग तींत माणसें भरलेलीं असोत वा नसोत. दोन हजार मैलांवरचा व्यापार करणाऱ्या या लोकांना दोन गांवांमधील प्रवासांत हा नवा नियमितपणा लाभला. अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम हें अंतर दोन तासांहून थोड्या अधिक वेळांत तुटे. वाटेंत हाल्फवेख हें गांव लागे. त्याच्या नांवाचा अर्थच ‘अर्धी वाट’ असा होतो. तेथें पाण्याचे दरवाजे असल्यामुळें नाव पुढें जात नसे. उतारूंनीं उतरावयाचें, चार पावलें चालावयाचें आणि पलीकडच्या नावेंत बसावयाचें. ही सोय लोकांना इतकी मानवली कीं इतर शहरांनींहि तेंच अनुकरण केलें. १६६५ पर्यंत असे सुमारें ६५० किलोमीटरचे कालवे व त्यांच्या कांठच्या वाटा तयार झाल्या. हें काम कोणा राजानें केलें नाहीं. शहरांनीं आपसांत करार केले, कर्ज उभारलें, आणि प्रवाशांकडून घेतलेल्या पैशांतून तें फेडलें व वाटांची डागडुजी केली. सावकाश पण बिनघोर प्रवासाची ही पहिली वाट नागरिकांच्या करारांतून जन्मली.

दोनशें वर्षें ती वाट चालली. २० सप्टेंबर १८३९ रोजीं त्या देशांतील पहिली आगगाडी धांवली, आणि तीहि अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम या दोन शहरांमध्येंच! ओढनावेला जेथें दोन तासांवर वेळ लागे, तेथें आगगाडीला अर्धा तास पुरला. जसजसे रूळ पसरले तसतसे ओढनावेचे उतारू कमी होत गेले. घोडा गेला, पोरगा गेला, दोरहि गेला. मागें उरली पाण्याच्या कडेची अरुंद, सपाट, मोकळी वाट. तिला आतां वाली उरला नव्हता.

याच सुमारास सायकल अवतरली. १८६९ सालीं डेव्हेंटर या गांवीं बर्गर्स यांनीं डच सायकलींचा पहिला कारखाना काढला. आरंभीं सायकल हा सुखवस्तु तरुणांचा शौक होता. या हौशी लोकांनीं १८८३ सालीं उट्रेख्त येथें आपला संघ स्थापन केला. संघाच्या कामाचें वैशिष्ट्य असें कीं शर्यतींपेक्षां प्रवासाकडे त्यानें अधिक लक्ष दिलें. १८८५ सालीं उट्रेख्तमध्येंच मालीबान या वृक्षराजीच्या रस्त्यावर सायकलींसाठीं वेगळी वाट राखली गेली. ती त्या देशांतील पहिली सायकलवाट होय. १८९४ पासून संघानें चौरस्त्यांवर दिशादर्शक फलक लावण्यास प्रारंभ केला. पुढें निरनिराळ्या भागांत केवळ वाटा बांधण्यासाठीं मंडळ्या निघाल्या. खोई व एमलँड या भागांतील अशी मंडळी १९१४ ची आहे. सभासदांनीं वर्गणी द्यावयाची आणि त्या पैशांतून माळावरून, झाडींतून अरुंद वाटा करावयाच्या, असा तो क्रम. १९१९ सालापासून या वाटांवर अळंब्याच्या आकाराचे ठेंगणे दिशादर्शक बसूं लागले. सायकलवरून उतरून, वांकून तो वाचावा, थोडा दम खावा आणि मग पुढें निघावें! उंच फलकानें देखावा बिघडूं नये, हा त्यांत हेतु होता. ज्याला घाई नाहीं अशाच प्रवाशासाठीं ही योजना.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सायकल स्वस्त झाली आणि मजूर, कारकून, शिक्षक, मोलकरीण अशा सर्वांच्या हातीं आली. तेव्हां सरकारचें लक्ष तिच्याकडे गेलें. १९२४ सालीं प्रत्येक सायकलीवर कर बसला. कर भरल्याची खूण म्हणून धातूची लहानशी पट्टी सायकलीवर लावावी लागे. ज्याला कर देणें शक्य नसे अशा गरीबाला पट्टी फुकट मिळे. पण त्या पट्टीला मध्यें भोंक पाडलेलें असे. म्हणजे माणूस रस्त्यावर येतांच त्याची गरिबी साऱ्या गांवाला वाचतां यावी, अशी ती व्यवस्था होती! १९४१ सालीं, जर्मनांच्या अंमलांत, हा कर रद्द झाला. परंतु त्यांत आनंद मानावा असें कांहीं नव्हतें, कारण पुढच्याच वर्षीं जर्मन सैन्यानें सायकलीच हिसकावून नेण्यास आरंभ केला.

१९४४-४५ चा हिंवाळा त्या देशाच्या स्मरणांतून कधीं जाणार नाहीं. पश्चिमेकडील शहरांत अन्न संपलें. सुमारें २०,००० माणसें भुकेनें मेलीं. ज्यांच्याकडे लपवून ठेवलेली सायकल होती ते तिच्यावर, टायर नसले तर नुसत्या चाकांवर, खेड्यापाड्यांतून बटाटे व धान्य शोधीत हिंडले. घरांतील चादरी, दागिने देऊन त्यांनीं मूठमूठ दाणे आणले. सुटीच्या दिवशीं ज्या सपाट मुलखांतून लोक आनंदानें फिरत, त्याच मुलखांतून ते पोटासाठीं वणवण करीत होते. सपाट जमिनीनें त्यांचें दुःख हलकें केलें नाहीं. उघड्यावर समोरून येणाऱ्या वाऱ्याला तेथें आडोसा नसतो.

युद्ध संपलें, सुबत्ता आली आणि सायकलीवर तिसरें संकट आलें, तें मोटारीचें. १९५० नंतरच्या वीस वर्षांत शहरें मोटारींसाठीं रुंद होऊं लागलीं, कित्येक कालवे बुजविले गेले आणि सायकलस्वारांची संख्या झपाट्यानें घटली. जमीन पूर्वीइतकीच सपाट होती! सपाटीनेंच लोक सायकलीवर बसत असते तर ही घट झालीच नसती. १९७१ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. १९७२ सालीं निघालेल्या त्यांच्या संघटनेचें नांवच ‘बालहत्या थांबवा’ असें होतें. १९७३ च्या नोव्हेंबरांत तेलटंचाईमुळें सरकारनें रविवारीं मोटारी बंद ठेवल्या, आणि रिकाम्या हमरस्त्यांवर मुलें चाकें लावून धांवलीं. रस्ता कसा असूं शकतो, हें लोकांनीं त्या रविवारीं डोळ्यांनीं पाहिलें. १९७५ सालीं सायकलस्वारांचा नवा संघ निघाला, आणि त्यानंतरच्या काळांत सरकार व नगरपालिका यांनीं वेगळ्या सायकलवाटा बांधण्याचें काम नेटानें हातीं घेतलें.

दूरच्या निवांत प्रवासाला याचा लाभ झाला. १९८७ सालीं अशा प्रवासासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत लांब पल्ल्यांचे मार्ग आंखले गेले. शेजारच्या बेल्जममधील लिंबुर्ख प्रांतांत ह्यूगो बोलेन या खाणींतील अभियंत्यानें १९९५ सालीं एक सोपी युक्ति अमलांत आणली. जेथें दोन वाटा मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक अंक द्यावयाचा. प्रवाशानें सकाळीं पांच-सात अंक कागदावर टिपून घ्यावे आणि एका अंकाकडून दुसऱ्याकडे जात राहावें. कंटाळा आला तर मधूनच वळावें. ही पद्धति नेदरलँड्समध्येंहि सर्वत्र रूढ झाली.

आज या देशांत फिरणाऱ्याला ओढनावेच्या वाटांचीं दोन निराळीं भवितव्यें दिसतात. हार्लेम ते लायडन हा कालवा १६५७ चा. त्याच्या कांठानें आजहि सायकलीनें जातां येतें. अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम हा त्याहून जुना, सर्वांत पहिला कालवा. त्याच्या कडेनें आज मोटारींचा मोठा रस्ता धांवतो. दोन्ही वाटा एकाच हेतूनें बांधलेल्या, दोन्ही सारख्याच सपाट. एक निवांत माणसाकडे राहिली, दुसरी वेगाकडे गेली.

या इतिहासाचा बोध मला याच दोन वाटांत दिसतो. सावकाश जाण्याची मुभा ही निसर्गाची देणगी समजून स्वस्थ बसणाऱ्याच्या हातीं ती राहत नाहीं. शहरांनीं ती करारानें निर्माण केली, हौशी मंडळींनीं वर्गणीनें वाढविली, आणि मुलांना गमावणाऱ्या आईबापांनीं ती हट्टानें परत मागितली. कालव्याकांठीं आज जो प्रवासी पायटे मारीत बगळे पाहत चालला आहे, त्याच्या निवांतपणाची किंमत या सर्वांनीं आधींच मोजून ठेवलेली आहे.